बंक बेड, पंखा आणि आई

गेले तीन वीकेंड मी एका पलंगाच्या मागे आहे. पलंग माझा नाही, पैसे माझे नाहीत, आणि ज्या मुलांसाठी तो घ्यायचाय ती मुलंही माझी नाहीत. पण घरात एक इंजिनियर असला की मिक्सर बंद पडण्यापासून पासपोर्टचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे येतं. माझी ब्रँच कॉम्प्युटर होती, लाकडाशी माझा संबंध पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपपुरता, हे सांगून काही उपयोग होत नाही. इंजिनियर तो इंजिनियर.

तर झालं असं. दादाचा फ्लॅट सिंहगड रोडला, दोन बेडरूमचा. बंड्या आठ वर्षांचा, चिऊ साडेचार. इतके दिवस चिऊ आईबाबांच्या खोलीत झोपायची. आता दुसरी बेडरूम दोघांची मिळून, असं ठरलं. वहिनी म्हणाली, "भावोजी, तुम्हीच बघा ना एखादा चांगला बंक बेड. ऑनलाईन इतके आहेत की डोकंच चालत नाही." मी हिंजवडीला मित्रांबरोबर राहतो आणि शनिवार-रविवार दादाकडे जेवतो. नाही म्हणायची सोयच नव्हती.

बंक बेड हे नाव नवीन, वस्तू नाही. रेल्वेने प्रवास केलेल्या कुठल्याही माणसाला ती सांगायला लागत नाही. लहानपणी आम्ही दोघं भाऊ वरच्या बर्थसाठी भांडायचो, आणि दादा मोठा म्हणून दरवेळी तोच वर. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत माळा काढून त्यावर पोरांना झोपवणाऱ्या लोकांनाही हे नवीन नाही. जागा नसली की माणूस वर जातो, इतकं ते सरळ आहे. आमची खोली दहा फूट बाय अकरा फूट, म्हणजे ११० चौरस फूट. तीन फुटी सिंगल पलंग चौकट धरून ३९ इंच रुंद आणि ७८ इंच लांब होतो, म्हणजे २१ चौरस फूट. असे दोन टाकले की ४२ गेले. त्यात कपाट, त्यात अभ्यासाचं टेबल. मग मुलं खेळणार कुठे, तर हॉलमध्ये, टीव्हीसमोर. ते वहिनीला नकोय.

पहिल्या शनिवारी मी नेहमीच्या सवयीने एक्सेल उघडून बसलो. किंमत, लाकूड, रंग, डिलिव्हरी, रेटिंग असे कॉलम केले. चौदा बंक बेड झाले. लोखंडी पाईपचे १६-१७ हजारांपासून, लाकडी ३५ च्या पुढे, आणि घर-किल्ला-घसरगुंडी असले प्रकार लाखाच्या घरात. तासाभराने लक्षात आलं की या कॉलममधलं काहीच महत्त्वाचं नाही. रंग कुठलाही घ्या. मुलाला तिथे रात्रभर झोपवायचंय, तर रात्री काय काय होऊ शकतं ते आधी बघायला हवं. म्हणून मग मी नियम शोधायला लागलो.

नियम आहेत, आणि बरेच जुने आहेत. अमेरिकेत १९९९ च्या शेवटी बंक बेडसाठी सक्तीचा नियम निघाला आणि २००० पासून लागू झाला. युरोपचं मानक आहे ईएन ७४७. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने बंक बेडसाठी स्वतंत्र मानक काढलंय, आयएस १७६३६, २०२२ सालचं. मी तीन दुकानांत या आकड्याची चौकशी केली. एका ठिकाणी मला विचारलं, "सर, हा मॉडेल नंबर आहे का?" असो.

नियम वाचताना मला सगळ्यात आवडलं ते हे, की प्रत्येक आकड्यामागे काहीतरी घडलेलं असतं. उदाहरणार्थ, वरच्या पलंगाला भिंतीच्या बाजूनेही कठडा हवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. भिंत आहे ना, तिकडून कोण पडतंय? पण पलंग भिंतीपासून हळूहळू सरकतो, फट पडते, आणि झोपेत लोळणारं मूल त्या फटीत जाऊन अडकतं. जमिनीवर पडण्यापेक्षा ते वाईट. दुसरं, कठड्याच्या फटी. अमेरिकेच्या नियमात साडेतीन इंचांचा ठोकळा फटीतून आरपार जाता कामा नये. कारण लहान मुलाचं अंग निमुळतं असतं आणि डोकं मोठं. पाय आत जातात, पाठोपाठ पोट जातं, आणि डोकं अडकतं. हे वाचून झाल्यावर मी उठून पाणी प्यायलो. आणि सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचंच नाही. म्हणजे चिऊ बाद. हे तिला सांगायचं काम मी दादावर सोडलं.

मग कठड्याची उंची. इथे दुकानात गंमत होते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे कठडा गादीच्या वर किमान ५ इंच यायला हवा, युरोपच्या मानकात १६ सेंटिमीटर म्हणजे सव्वासहा इंच. लक्षात घ्या, गादीच्या वर. फळीच्या वर नाही. एका शोरूममध्ये फळीपासून १० इंचांचा छान पांढरा कठडा होता, आणि त्यावर त्यांनीच ८ इंचांची स्प्रिंगची गादी टाकलेली. राहिले दोन इंच. सेल्समन त्या गादीवर हात दाबून सांगत होता, "बघा सर, किती कम्फर्ट आहे." त्या दोन इंचांना अडून एखादी उशी थांबेल, बंड्या नाही. तुम्ही कधी बंक बेड घ्यायला गेलात तर बाकी काही विसरलात तरी चालेल, टेप मात्र खिशात ठेवा. आणि वरची गादी पातळ घ्या. चार इंच, फार तर पाच. मुलांना तेवढी पुरते. आपण सगळे कापसाच्या गाद्यांवर झोपून मोठे झालोय.

दुसऱ्या शनिवारी मी टेप घेऊन मुलांच्या खोलीत उभा होतो आणि वर बघितलं. पंखा.

आता तुम्ही इंटरनेटवरचे बंक बेडचे फोटो आठवून बघा. सुंदर खोली, लाकडी जमीन, खिडकीतून ऊन, वरच्या पलंगावर टेडी. छताला पंखा आहे का कुठे? नाही. कारण त्यातले निम्मे फोटो थंड देशांतले असतात आणि उरलेले शोरूममध्ये एसी लावून काढलेले. आपल्याकडे मात्र प्रत्येक खोलीच्या बरोबर मध्यभागी १२०० मिलिमीटरचा पंखा असतो, म्हणजे चार फूट व्यास. मिनिटाला साडेतीनशे फेऱ्या धरल्या तर पात्याचं टोक ताशी जवळपास ८० किलोमीटरने फिरतं. (रविवारी दुपारी दुसरं काय करणार, काढला हिशोब.)

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर आहे, म्हणजे साधारण नऊ फूट. आमची खोली नऊ फूट चार इंच, म्हणजे ११२ इंच. पंख्याची पाती छतापासून १२ इंच खाली, म्हणजे जमिनीपासून १०० इंचांवर. वरची गादी साधारण ६० इंचांवर आली, तर गादीपासून पात्यापर्यंत उरतात ४० इंच. बंड्या मांडी घालून बसला तर डोकं लागत नाही. पण बसून हात वर केला की पोचतो. आणि उभा राहिला, तर... आठ वर्षांचा मुलगा वरच्या पलंगावर उभा राहणार नाही असं मानणाऱ्या माणसाने आठ वर्षांचा मुलगा बघितलेला नाही.

उंचीचं झालं, आता बाजूचं. पलंग अकरा फुटी भिंतीला लांबीने लावला तर भिंतीपासून खोलीचा मध्य ६० इंचांवर. पंख्याची त्रिज्या २४. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून ३६ इंचांवर येतं, आणि पलंग ३९ इंच रुंद. पंखा चक्क पलंगावर तीन इंच आत फिरणार! शिवाय त्या भिंतीला खिडकी आहे, आणि वरच्या पलंगावरून खिडकीची सरकती काच हाताशी येते. ती भिंत रद्द. दहा फुटी भिंतीला लावला तर मध्य ६६ इंचांवर, टोक ४२ वर, म्हणजे पलंगाच्या कडेपासून तीन इंच लांब. तीन इंच. ३६ इंचांचा छोटा पंखा लावला तर नऊ इंच. मुलाचा हात यापेक्षा कितीतरी लांब असतो.

मला रेल्वेचं फार कौतुक वाटलं त्या दिवशी. स्लीपरच्या डब्यात वरच्या बर्थवरून पंखा हाताला लागतो, म्हणून त्यांनी तो छोटा ठेवला आणि त्याला जाळी घातली. लोक त्या जाळीवर चपला ठेवतात तो भाग वेगळा. पण आपण घरात बंक बेड आणताना बर्थ तेवढा आणला आणि जाळी तिथेच विसरलो.

इथपर्यंत सगळं कसं छान आकड्यांचं होतं. मग मी ऑफिसच्या सवयीने विचारलं, "या खोलीत रात्री नक्की कोण कोण झोपणार आहे?" नवीन प्रोजेक्ट आलं की आम्ही हेच विचारतो. वापरणार कोण, किती जण, कधी.

"बंड्या आणि चिऊ," दादा म्हणाला.

"आणि आई आल्यावर?"

दादा काही बोलला नाही. वहिनीने टीव्हीचा आवाज कमी केला.

आई साताऱ्याला असते. बाबा गेल्यापासून एकटीच. दिवाळीला येते, मुलांच्या परीक्षा झाल्या की येते, कधी महिना तर कधी दोन महिने राहते. आतापर्यंत ती त्याच खोलीत, बंड्याशेजारी, जुन्या चार फुटी पलंगावर झोपायची. आम्ही दोघं भाऊ दरवर्षी तिला म्हणतो की आता कायमची इकडे ये, आणि ती दरवर्षी म्हणते, बघू. माझ्या एक्सेलमध्ये चौदा बंक बेड होते. चौदाही दोन माणसांचे होते.

रात्री आईला फोन केला. दादाने पलंगाचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग मी आले की हॉलमध्ये झोपेन, त्यात काय." इतक्या पटकन म्हणाली की दादाला पुढे काय बोलावं कळेना. हॉलमध्ये म्हणजे सोफ्याशेजारी जमिनीवर, जिथे शनिवारी माझी गादी असते तिथे. गुडघ्यांमुळे आईला जमिनीवरून उठता येत नाही. आणि सकाळी सहाला दूधवाला आल्यापासून हॉलमध्ये झोप संपते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. पण मुख्य गोष्ट गुडघे नव्हेत. हॉलमध्ये झोपतो तो पाहुणा. मी पाहुणा आहे, ठीक आहे. आईने चार दिवसांत परत जायची पिशवी भरली असती, आणि तोंडाने म्हणाली असती की शेजारणीच्या मुलीचं लग्न आहे.

आईचं स्वतःचं मत विचाराल तर तिला बंक बेडच पटलेला नाही. "आम्ही सहा भावंडं एका ओळीत झोपायचो. सकाळी गाद्या गुंडाळायच्या, झालं. वर चढवायला मुलं म्हणजे काय ट्रंका आहेत?" आणि खरं सांगू का, निव्वळ तांत्रिक दृष्ट्या ती बरोबर आहे. जमिनीवरच्या गादीला कठडा लागत नाही, पंख्याचा प्रश्न येत नाही, पडलात तरी पडलात कुठे? फक्त ती गादी रोज उचलणार कोण याचं उत्तर आता कुठल्याच घरात नाही. आणि ते उत्तर असतं तरी आईला स्वतःला त्या ओळीत झोपता आलं नसतं.

म्हणून तिसऱ्या शनिवारी मी सगळं उलटीकडून सुरू केलं. खालून. आई नेमकी दोन दिवस आली होती. तिला स्टुलावर भिंतीला टेकवून बसवलं आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत टेप लावला. ३१ इंच. "कशाचं माप घेतोयस, तिरडीचं?" असं तिने विचारलं. वहिनी दचकली, आम्ही दोघं हसलो. आमच्याकडे असंच बोलतात.

बाजारातल्या बहुतेक बंक बेडमध्ये मी खालच्या गादीपासून वरच्या चौकटीपर्यंत २७-२८ इंच मोजले होते. दोन लहान मुलांना ठीक. आई तिथे रात्री उठून बसली की कपाळमोक्ष. म्हणजे खाली किमान ३४ इंच मोकळे हवेत. खालची गादी जमिनीपासून १९ इंचांवर, कारण त्याहून खाली असली की तिला उठताना हात द्यावा लागतो. १९ अधिक ३४, झाले ५३. त्यावर तीन इंच चौकट आणि फळ्या, ५६. त्यावर पाच इंचांची गादी, ६१. कठडा फळीपासून १२ इंच, म्हणजे गादीच्या वर सात. खालचा पलंग चार फुटी, आई आणि चिऊ दोघींसाठी, आणि वरचा तीन फुटी. खालचा पलंग ५१ बाय ७८, म्हणजे साडेसत्तावीस चौरस फूट. दोन सुट्या पलंगांपेक्षा साडेचौदा फूट वाचले. आमच्या भागात चौरस फुटाला नऊ हजार धरले तर ते सव्वा लाखाच्या वर जातात, असं मी दादाला सांगितलं. म्हणजे पलंग फुकटच पडतो. दादा कॉमर्सचा आहे, त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

पण आईला बसायला जागा केली की बंड्या वर जातो, आणि बंड्या वर गेला की पंखा आणखी जवळ येतो. दोन्ही एकदम साधत नाही. एक काहीतरी सोडावं लागतं, आणि मी पंखा सोडला. छताचा पंखा काढायचा. समोरच्या भिंतीवर जाळीवाले १६ इंची दोन वॉल फॅन लावायचे, एक वरच्या पलंगाच्या रोखाने आणि एक खालच्या. वरच्याला जास्त वारा, कारण गरम हवा वर जाऊन बसते आणि एप्रिलमध्ये छताजवळ काय होतं ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा. वॉल फॅनचा आवाज जास्त येतो, हे खरं आहे. आई म्हणाली, "येऊ दे, मला तसंही झोप कुठे लागते."

शिडीवरून एक संध्याकाळ गेली. ड्रॉवरवाल्या पायऱ्या दिसायला सुंदर, चढायला सोप्या, पण त्या पलंगाच्या टोकाला दीड फूट खातात आणि मग दार पूर्ण उघडत नाही. म्हणून शिडीच. तिरकी, आणि गोल पाईपच्या ऐवजी चार इंच रुंद सपाट पायऱ्यांची, कारण गोल पाईप अनवाणी पायाला टोचतो. वहिनीचा प्रश्न या सगळ्यापेक्षा अवघड होता. "वरची चादर कोण बदलणार? आणि रात्री याला ताप आला तर औषध द्यायला वर कोण चढणार?" यावर अमेरिकेच्या नियमात काही नाही. आम्ही ठरवलं की ताप आला की बंड्या खाली आणि चादर दादा बदलेल. दुसऱ्या मुद्द्यावर वहिनीचा विश्वास दिसला नाही.

असं माप कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या दोन चकरा झाल्या, आणि शेवटी दादाच्या ओळखीच्या सुतारकाकांना घरी बोलावलं. त्यांनी माझा कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "साहेब, कागद ठीक आहे. पण बाजूला कठड्याला पाच इंचांच्या फटी ठेवू, लाकूड वाचेल, हवा खेळेल." मी म्हटलं, तीन इंच. ते म्हणाले, चार. मी त्यांना डोक्याचं आणि पोटाचं सांगितलं. ते जरा वेळ गप्प झाले आणि त्यांनी कागदावर स्वतःच्या पेन्सिलने तीन लिहिलं. पैसे ४६ हजार म्हणाले, ४३ ला तुटलं. मुख्य जोड खिळ्यांऐवजी बोल्टचे, म्हणजे दर सहा महिन्यांनी पान्याने आवळता येतील. हे त्यांनीच सुचवलं. वर सुट्टीत चार पोरं एकदम चढतील असं धरूनच फळ्या घालतो म्हणाले, न सांगता.

आता यादीत राहिलंय ते असं. आधी इलेक्ट्रिशियन, मग पलंग, हा क्रम बदलायचा नाही. भिंतीतल्या स्विचबोर्डची जागा बदलायची, नाहीतर तो गादीमागे जाईल. वरच्या कठड्याला ओढणी, दोरी, बेल्ट काहीही बांधायचं नाही, तंबूसाठीसुद्धा नाही, खाली झोपाळ्यासाठी तर नाहीच. हे बंड्याला दादा सांगणार, मी सांगणार, आणि आई गोष्टीत घालून सांगणार. तिघांत कुणाचं लागू पडतं बघू.

आईने एक विचारलं, की खालच्या पलंगाला डोक्याशी एक छोटं फडताळ करता येईल का. चष्मा, गोळ्या आणि पोथी ठेवायला. सुतारकाका म्हणाले, त्याचे वेगळे पैसे नकोत.

आणि चिऊचा प्रश्न अजून तसाच आहे. वर झोपायला तिला दीड वर्ष थांबायचंय. वर बसून खेळायलाही परवानगी नाही, म्हणजे दिवसा शिडी काढून ठेवावी लागेल का, याच्यावर घरात एकमत नाही. दादा म्हणतो काढू, वहिनी म्हणते रोज कोण काढ-घाल करणार, आणि बंड्या म्हणतो शिडी काढली तर तो दिवसभर वरच राहील.